वीस टॅब कपाटात आहेत. वर्गात आणावेत का?

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून हे पत्र आले आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतात. सातवीचा पट ४४. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळेला वीस टॅब, दोन लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर मिळाला. उद्घाटन झाले, फोटो निघाले आणि टॅब कपाटात गेले. मुख्याध्यापक म्हणतात, "फुटला तर भरून कोण देणार?" बाईंनी तरीही दोनदा टॅब वर्गात नेले. पहिल्या वेळी निम्म्या टॅबवर व्हिडिओ सुरूच झाला नाही. दुसऱ्या वेळी दहा मिनिटांत त्यांच्या स्वतःच्या मोबाइलचा डेटा संपला आणि तोवर मागच्या बाकांवर गेम रंगले होते. "तुम्ही तंत्रस्नेही नाही, म्हणून असं होतं," असे एका सहकाऱ्याने ऐकवले. पालकांत दोन तट आहेत. काहींना खासगी शाळेसारखे रोज टॅबवर शिकवायला हवे. काही म्हणतात, घरी मोबाइलने डोके फिरवले आहे, आता शाळेतही तेच? केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, अधूनमधून टॅब वापराचे फोटो मागतात. बाईंचे प्रश्न चार: रोज किती वेळ टॅब द्यावेत? ४४ मुलांना वीस टॅब कसे पुरवावेत? अभ्यासात खरेच फरक पडतो का? आणि मुलांना ते घरी न्यायला द्यावेत का?

ताई,

चार प्रश्नांकडे वळण्याआधी त्या दोन फसलेल्या तासिकांचा हिशेब करू, कारण त्यांचा दोष तुम्ही स्वतःच्या माथी घेतला आहे. साध्या ४८० पी दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला साधारण दहा एमबी डेटा खातो. दहाच टॅब जोडले गेले तरी दहा मिनिटांत हजार एमबी, म्हणजे एक जीबी. तुमच्या दिवसभराच्या पॅकमध्ये बहुधा तेवढाच उरला असेल. शिवाय बहुतेक मोबाइलचा हॉटस्पॉट एका वेळी आठ-दहा उपकरणांनाच जोडून घेतो, उरलेल्यांना तो दाद देत नाही. पहिल्या वेळी निम्मे टॅब ताटकळत राहिले ते यामुळे. हातात चालू टॅब आहे आणि त्यावर करायचे काम मात्र सुरू होत नाही, अशा वेळी तेरा वर्षांचे मूल गेम उघडणारच. तंत्रस्नेही असण्या-नसण्याचा इथे काहीएक संबंध नाही. कोणीही त्या जागी असते तरी डेटा दहा मिनिटांतच संपला असता.

यातून निघणारा नियम सोपा आहे: वर्ग सुरू असताना इंटरनेट लागता कामा नये. जे दाखवायचे, सोडवून घ्यायचे ते आधीच शाळेत आणून ठेवलेले असावे. ते कसे, ते पुढे सांगते.

आता "रोज किती वेळ?" या प्रश्नात टॅब म्हणजे औषध आणि आपण त्याची मात्रा ठरवतो आहोत, असे गृहीत धरलेले आहे. तसे ते नाही, हे बऱ्याच ठिकाणी मोठा खर्च करून कळून चुकले आहे. पेरू देशाने 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मोहिमेत मुलांना आठ लाखांहून जास्त लॅपटॉप दिले. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळा घेऊन केलेल्या अभ्यासात गणित आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. मुले लॅपटॉप सफाईने चालवायला मात्र शिकली. (त्याच मोहिमेतले लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्याच्या शाळेतही आले होते.) २०१५ साली आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, अनेक देशांची आकडेवारी तपासली. शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांतही वाचन, गणित, विज्ञानात म्हणण्यासारखी सुधारणा आढळली नाही.

पण दिल्लीत उलटे घडले. तिथे सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरवर सराव दिला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक फरक पडला. फरक कशाने पडला ते नीट पाहा. मूल सातवीत असले आणि त्याला चौथीचा भागाकार येत नसला, तर सॉफ्टवेअर त्याला चौथीचाच भागाकार देत होते. आणि रोजच्या दीड तासातली निम्मीच वेळ संगणकासमोर होती. उरलेला पाऊण तास मुले लहान गटात माणसाकडून शिकत होती. तुमच्या ४४ मुलांतही तिसरीच्या पातळीपासून सातवीच्या पातळीपर्यंतची मुले असणार आणि फळ्यावरून सगळ्यांना एकच गणित द्यावे लागते, ही तुमची रोजची अडचण असणार. टॅब उपयोगी पडला तर तो इथे पडेल.

म्हणून वेळ किती, ते सोडा. फळा, वही, पुस्तक आणि तुम्ही या चौघांना जे जमत नाही, असे काम कोणते ते शोधा. माझ्या मते सातवीच्या गणित-विज्ञानात अशी कामे तीनच आहेत.

पहिले, वर सांगितलेला पातळीनुसार सराव. उत्तर चुकले की तिथल्या तिथे कळते आणि प्रत्येकाला वेगळ्या पातळीची गणिते देता येतात. ४४ वह्या तपासून दुसऱ्या दिवशी परत देण्यात जे हातातून निसटते, ते इथे सापडते. पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, समीकरणे यांसाठी हे चांगले. शाब्दिक उदाहरणांसाठी मात्र नाही. तिथे मूल कुठे अडले ते स्क्रीनला कळत नाही. त्याच्या बाकाशी जाऊनच बघावे लागते.

दुसरे, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवणे. स्थितिक विद्युतचा पाठ घ्या. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग हातानेच करायचा. फुग्याला खर्च काय येतो? पण धन-ऋण प्रभार कुठून कुठे गेले, हे फुग्यावर दिसत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' सिम्युलेशन्समध्ये, म्हणजे पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांमध्ये, फुगा आणि स्वेटर यांचे एक सिम्युलेशन आहे, त्यात ते दिसते. फेटची अनेक सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि त्यातले नव्या धाटणीचे प्रत्येक सिम्युलेशन म्हणजे एकच लहान फाइल असते, ती उतरवून घेता येते. क्रम मात्र बदलू नका: आधी खरा फुगा, मग स्क्रीनवरचा. उलट केले की मुलांना फुगा बालिश वाटतो आणि प्रभार म्हणजे स्क्रीनवरचे निळे-लाल ठिपके, एवढेच डोक्यात राहते.

तिसरे काम सगळ्यात दुर्लक्षित आहे: टॅबचा कॅमेरा आणि माइक हेच मोजमापाचे साधन. ध्वनीच्या पाठात फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून छेडायची आणि तिचा व्हिडिओ काढायचा. स्लो मोशन असेल तर उत्तम, नसेल तर व्हिडिओ हळू चालवून बघायचा. पट्टी जास्त बाहेर काढली की कंपने मंद, आवाज जाड. कमी काढली की उलट. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे 'फायफॉक्स' नावाचे मोफत ॲप माइकमधून आलेल्या ध्वनीची वारंवारता सरळ हर्ट्झमध्ये दाखवते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. तुमच्या टॅबमध्ये काही सेन्सर नसतील, पण माइक असतोच. भाषेच्या शिक्षकांनाही हे सांगा: मुलाने उतारा वाचून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, ऐकायचा आणि पुन्हा वाचायचा. टॅबमधले साधे रेकॉर्डर पुरते. आपण कुठे अडखळतो हे मुलाला बाहेरून सांगावे लागत नाही.

आणि जे करू नये, तेही सांगते. आठ इंची पडद्यावर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ वाचायला देऊ नका. बालभारतीचे छापील पुस्तक मुलाच्या दप्तरात आहे आणि ते वाचायला सोपे आहे. व्हिडिओ प्रत्येकाच्या टॅबवर लावू नका. त्यासाठी प्रोजेक्टर आहे, आणि मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असे विचारायची सोय तिथेच आहे. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतात. कोड फाटला वा पुसट असेल तर त्याखालची सहा अक्षरे ॲपमध्ये टाइप केली तरी चालतात. लिहायचे काम टॅबवर देऊ नका. मराठी कीबोर्डवर जोडाक्षरे शोधण्यात अर्धी तासिका जाते. लेखन वहीतच होऊ द्या, फार तर त्याचा फोटो काढा.

आता वीस टॅब आणि ४४ मुले. प्रत्येक मुलामागे एक टॅब हवा, हे गृहीत धरल्यामुळे टॅब कमी वाटतात. खरे तर तुम्हाला वीसही लागत नाहीत. वर्गाचे दोन भाग करा, २२-२२. एक भाग टॅबवर, दुसरा तुमच्याजवळ फळ्यापाशी. टॅबवरची २२ मुले जोडीने बसली की ११ टॅब पुरतात. दोन टॅब राखीव ठेवा, कारण ऐन वेळी एखादा बंद पडतोच. म्हणजे १३. उरलेले सात त्या वेळी दुसऱ्या वर्गाला देता येतील किंवा चार्ज होत राहतील.

एका तासिकेत हे बसत नाही, ३५ मिनिटांतली दहा वाटण्यात आणि गोळा करण्यात जातात. वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा जोडतासिका मागून घ्या. सत्तर मिनिटांची मांडणी अशी: पाच मिनिटे काम समजावणे (टॅब अजून कपाटात), पाच मिनिटे वाटप, पंचवीस मिनिटे पहिला गट, तीन मिनिटे अदलाबदल, पंचवीस मिनिटे दुसरा गट, उरलेल्या सातात टॅब परत. काम आधी समजवायचे, टॅब नंतर द्यायचे. हातात टॅब आल्यावर सूचना कोणी ऐकत नाही.

जोडीतल्या एकाने टॅब चालवायचा, दुसऱ्याने वहीत लिहायचे आणि सांगायचे. बारा मिनिटांनी अदलाबदल. हे ठरवून दिले नाही तर हुशार किंवा दांडगे मूल टॅब सोडत नाही, आणि बहुतेक वेळा मुली लिहीत राहतात. तेवढे डोळ्यांत तेल घालून पाहा. वहीत तीन ओळी सक्तीच्या: आधी काय वाटले, काय दिसले, का असावे. पहिली ओळ लिहिल्याशिवाय टॅब सुरू करायचा नाही. तुम्ही बोलायला लागलात की "टॅब पालथे" एवढीच सूचना. आणि या गटाच्या बसण्याची दिशा बदला: पडदे तुमच्याकडे यायला हवेत. फळ्याजवळच्या गटाला शिकवताना मान वळवली की अकराही पडदे दिसले पाहिजेत. ॲप कुलूपबंद करण्याच्या कुठल्याही सोयीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

टॅबवर आवाज असलेले काम असेल तर साधे वायरचे हेडफोन घ्या, कानात घुसणारे नकोत. एकाचे दुसऱ्याच्या कानात जातात. जोडीला दोन हेडफोन लागतात, त्यासाठी दोन तोंडांचा जोड मिळतो. आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा.

आता सामान आधी आणून ठेवण्याची व्यवस्था. 'कोलिब्री' नावाचे मोफत सॉफ्टवेअर तुमच्या दोनपैकी एका लॅपटॉपवर टाका. ज्या घरी किंवा तालुक्याच्या गावी चांगले इंटरनेट आहे तिथे बसून हवी ती सामग्री एकदाच उतरवून घ्या. शाळेत एक साधा वायफाय राउटर लावा. त्यात सिम नको, ब्रॉडबँड नको. टॅब राउटरला जोडायचे, ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकायचा, की सराव उघडतो. डेटा शून्य. मुलांची वेगळी खाती तिथेच लॅपटॉपवर बनतात, कोणी काय सोडवले तेही तुम्हाला दिसते.

हे लावताना चार ठिकाणी हमखास अडते. विंडोजचे फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या उपकरणांना अडवणारी सुरक्षा, टॅबना आत येऊ देत नाही. पहिल्यांदा विचारले जाते तेव्हा खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्या. लॅपटॉप थोड्या वेळाने झोपी जातो आणि सगळे टॅब एकदम थांबतात. पॉवर सेटिंगमध्ये झोपणे बंद करा. राउटर बंद-चालू झाला की लॅपटॉपचा पत्ता बदलतो आणि काल चाललेली लिंक आज चालत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा. आणि टॅब म्हणतो, "या वायफायला इंटरनेट नाही", आणि स्वतःहून तुटतो. तिथे "तरीही जोडलेले राहा" निवडायचे. यातले एकही काम तासाभरापेक्षा मोठे नाही, पण चारही आधी न केल्यास पहिली तासिका पुन्हा फसेल. ती पहिली तासिका मुलांशिवाय, शाळा सुटल्यावर एका सहकाऱ्याला घेऊन करा, तेराच्या तेरा टॅब लावून. दोन टॅबवर चालले म्हणजे तेरांवर चालेल असे नसते.

एवढी खटपट नको असेल तर साधा मार्गही आहे. हव्या त्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घ्या आणि ओटीजी जोड (पेन ड्राइव्ह टॅबला लावायची छोटी वायर) लावून एकेका टॅबमध्ये टाका. चार जीबी सामग्रीला टॅबमागे तीन-चार मिनिटे लागतात. 'स्टोरीवीव्हर' या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी अशा उतरवून ठेवता येतात आणि त्या मुक्त परवान्यात आहेत, वाटायला हरकत नाही. यात पातळीनुसार सराव मात्र मिळत नाही.

टॅबच्या आतल्या सेटिंगबद्दल थोडे. तुमचे स्वतःचे गूगल खाते टॅबवर मुळीच टाकू नका, तुमचे फोटो आणि नंबर वीस ठिकाणी जाऊन बसतील. शाळेच्या नावाने वेगळे खाते काढा, ते फक्त ॲप टाकण्यापुरते वापरा. यूट्यूब काढता येत नसेल तर 'डिसेबल' करा. ॲप आपोआप अद्ययावत होणे बंद करा, नाहीतर इंटरनेट मिळताच वीसही टॅब एकदम डाउनलोडला लागतात. सुरक्षा सेटिंगमध्ये 'ॲप पिनिंग' असते, त्यामुळे पिन टाकल्याशिवाय मूल त्या ॲपबाहेर पडू शकत नाही.

विजेची भीती बरेच जण घालतात, ती तपासून पाहू. एका टॅबची बॅटरी साधारण वीस वॅट-तासांची. वीस टॅब पूर्ण भरायला, गळती धरून, अर्ध्या युनिटच्या थोडी वर वीज लागते. चार्जर दहा वॅटचे धरले तर वीस मिळून दोनशे वॅट, म्हणजे तीन पंख्यांइतका भार. त्यामुळे बिल वाढत नाही आणि वायरिंगवर ताण येत नाही. आग लागते ती स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा बोर्ड जोडून त्यात अॅडॉप्टरची गर्दी केल्याने. एका वायरमनकडून आठ-दहा सॉकेटचा पक्का बोर्ड भिंतीवर लावून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि दोन पाळ्यांत चार्ज करा. एका पाळीला अडीच-तीन तास. आठवड्याला दोन जोडतासिका असतील तर आठवड्यातून एकदा चार्जिंग पुरते. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून तो वार ठरवा. शाळा बंद करून जाताना रात्रभर चार्जिंगला लावून जायचे नाही. टॅब उभे ठेवायला स्टीलचे ताटाळे उत्तम: प्रत्येकाला खण मिळतो, हवा खेळती राहते, एक कमी असला तर लगेच दिसते. खणांवर आणि टॅबवर एकच क्रमांक घाला, आणि क्रमांक जोडीला कायमचा द्या. मग ओरखडा कोणाच्या हातून पडला याची चौकशी करावी लागत नाही.

टॅब पडून फुटतात त्याहून जास्त, चार्जिंगचे तोंड सैल होऊन निकामी होतात. मुलांना पिन ओढू-घालू देऊ नका. ते काम दोन मॉनिटरांचे आणि तुमचे. रबरी कव्हर आणि काच आधीच लावून घ्या.

मुख्याध्यापकांच्या भीतीला मी हसणार नाही. टॅब डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेले आहेत, उद्या तपासणीत एक कमी भरला तर खुलासा त्यांनाच करावा लागतो. "घाबरू नका हो" म्हणून ही भीती जात नाही, कागदाने जाते. आधी दानपत्र पाहा: टॅबची मालकी शाळेकडे आली आहे की कंपनीकडेच आहे, वॉरंटी किती आणि कोणाच्या नावे आहे. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या: वर्गात शिक्षकाच्या देखरेखीखाली वापरताना झालेले नुकसान ही वापरातली झीज समजली जाईल, शिक्षकाकडून किंवा पालकाकडून वसुली होणार नाही, दुरुस्ती लोकसहभागातून किंवा संयुक्त शाळा अनुदानातून होईल, दुरुस्त न होणारे उपकरण रीतसर निर्लेखनाला जाईल, म्हणजे नोंदवहीतून कमी होईल. (समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत १०१ ते २५० पटाच्या शाळेला हे अनुदान वर्षाला ५०,००० रुपये आहे; त्यातून किती बाजूला ठेवायचे ते समितीतच ठरवा.) शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, म्हणजे पालकांच्या दोन्ही तटांशी बोलणेही तिथेच होऊन जाते. देण्या-घेण्याची एक साधी वही ठेवा: तारीख, वर्ग, टॅब क्रमांक, घेणाऱ्याची सही, परत. ठराव आणि वही हातात आल्यावर बहुतेक मुख्याध्यापक किल्ली देतात.

पालकांना समजावून सांगत बसू नका. एका जोडतासिकेला दहा-बारा पालकांना बोलवा आणि आपल्या मुलाशेजारी बसवा. रोज टॅब मागणाऱ्यांना दिसेल की वही सुटलेली नाही आणि का सुटू नये. मोबाइलला वैतागलेल्यांना दिसेल की हे घरच्या मोबाइलसारखे नाही. डोळ्यांचे विचारतील. केंद्राच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्गाची मर्यादा दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे इतकी होती. तुमच्या पद्धतीत एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला पन्नास मिनिटे पडदा येतो.

घरी द्यायचे का? नको, निदान पहिले वर्षभर तरी नको. ४४ मुलांत वीस टॅब कोणाला द्यायचे हा तंटा आधीच दिसतो आहे. शिवाय कोलिब्रीची सामग्री शाळेच्या लॅपटॉपवर आहे, घरी टॅब कोराच राहील आणि मग भरेल ते दुसरेच काही. त्याऐवजी परिपाठाआधी किंवा शाळा सुटल्यावर अर्धा तास टॅब खुले ठेवा आणि त्यासाठी जी मुले दोन-तीन इयत्ता मागे आहेत, त्यांना आधी बोलवा. वर्गातल्या पहिल्या पाचांना बक्षीस म्हणून टॅब देण्याची रीत काही शाळांत दिसते. गरज नेमकी दुसऱ्या टोकाला असते. आणि व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवणार असाल तर एवढे लक्षात घ्या की मोबाइल वडिलांचा असतो, तो रात्री आठला घरी येतो आणि कधी कधी येतच नाही.

केंद्रप्रमुखांच्या फोटोंचे काय करायचे, हे तुम्ही विचारले नाहीत तरी सांगते. मुलांच्या चेहऱ्यांऐवजी वहीतल्या त्या तीन ओळींचा आणि शेजारच्या पडद्याचा फोटो पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. गटावर टाकलेला फोटो पुढे कुठे जातो ते आपल्या हाती राहत नाही. याच कारणासाठी मुलांची पूर्ण नावे, जन्मतारखा मागणारी ॲप वापरू नका. कोलिब्रीच्या खात्याला हजेरी क्रमांक पुरतो.

फरक पडतो का, हे तुमच्याच वर्गात पाहायचे असेल तर मोठी चाचणी नको. सुरुवातीला दहा गणितांची एक चिठ्ठी, कागदावर, दहा मिनिटे. आठ आठवड्यांनी त्याच धर्तीची दुसरी, आकडे बदलून, तीही कागदावर. टॅबवरचे गुण धरू नका, पर्यायांत अंदाजे बोट ठेवूनही ते मिळतात. मागे असलेली मुले पुढे सरकली असतील तर सराव चालू ठेवा. नसतील तर त्या दोन जोडतासिका गणितापुरत्या फळ्याला परत द्या आणि टॅब विज्ञानाच्या प्रयोगांपुरते ठेवा; त्यात कमीपणा काही नाही.

ज्या शाळांत टॅब नाहीत, फक्त एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे, त्यांनाही फेटचे सिम्युलेशन चालते: लॅपटॉपवर एका मुलाला बसवा, बाकीच्यांनी आधी अंदाज हात वर करून सांगायचा. पहिली-दुसरीला टॅबची घाई करू नये, तिथे पाटी, मणी आणि मोठ्याने वाचून दाखवणे अजून बाकी असते. शहरातल्या ज्या शाळा मुलांना स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगतात, त्यांनी कमीत कमी चार-पाच लॅपटॉप शाळेचे ठेवावेत. बॅटरी संपली, लॅपटॉप दुरुस्तीला गेला किंवा घरी परवडतच नाही, असे मूल रोज कोणी ना कोणी असते.

मे महिन्याच्या सुट्टीआधी टॅब पूर्ण भरून ठेवू नका आणि शून्यावरही सोडू नका. पन्नास टक्क्यांच्या आसपास आणा, पूर्ण बंद करा, पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत नव्हे तर सावलीच्या कपाटात ठेवा. जूनमध्ये काढाल तेव्हा आधी प्रत्येकाची पाठ हाताने चाचपा. पाठ फुगलेला किंवा पडदा कडेने उचललेला टॅब दाबून बसवायचा नाही आणि चार्जिंगलाही लावायचा नाही. तो बाजूला काढा, सेवा केंद्राला दाखवा आणि निर्लेखनाच्या यादीत त्याचा क्रमांक घाला.